डोळा राखून

पाळकसाहेब आले, खुर्चीच्या काठावर बसले,
चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले,
“देव आपल्याच वेलीला छाटतो, शद्रखभाऊ.”
सुवार्ता भिंतीकडे तोंड करून पडली होती.
मी काही बोललो नाही.
माझ्या हाताला कात्रीचे घट्टे आहेत, बावीस वर्षांचे.
मोहाडी, जानोरी, खेडगाव,
एका ऑक्टोबरात किती वेली, कोण मोजतो.
छाटणीचं मला कुणी सांगू नये
असं मनात आलं. मग लाज वाटली,
कारण ते गेल्यावर बशीखाली पाचशेची नोट निघाली,
आणि त्यांची स्कूटर येतानाच रिझर्व्हवर होती.

तिसरं केमो झालं.
मुंबई नाक्याजवळ, चौथ्या मजल्यावर,
लाल औषध, थेंब थेंब, तीन तास.
फणीत केस येतात. ती ते बोटाला गुंडाळते
आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवते.
विचारलं तर म्हणते, “तो मोजतोय ना,
मग हिशोब एका जागी असलेला बरा.”
आणि हसते.
मला नाही हसता येत.

रविवारी शरणपूरच्या देवळात शेवटचा बाक.
सगळे उभे राहिले, मी बसूनच.
माझ्याकडे प्रार्थनेला एकच शब्द उरला होता, “का”,
तोही धड प्रश्न नव्हे,
खोकल्यासारखा आला आणि गेला.

सोमवारी पिंगळे अण्णांची बाग.
टोळीत सुरगाण्याची नवी पोरं,
दिसेल ती काडी कापत सुटलेली.
मी ओरडलो,
“डोळा बघ रे! आधी डोळा, मग कात्री.
किती कापायचं ते सोड,
काय राखायचं ते बघ!”
ओरडलो, आणि माझाच आवाज
मला परत ऐकू आला.

कापल्या टोकांना पाणी आलं होतं.
वेल रडते, म्हणतात आमच्यात.
मागून बाया आल्या हातमोजे घालून,
डोळ्या-डोळ्याला गुलाबी पेस्ट लावत.
विषच ते. हाताला लागलं तर कातडी सोलते,
पण झोपलेला डोळा त्यानंच जागा होतो.
लाल औषध, गुलाबी औषध.
जुळवू नकोस, मी स्वतःला दटावलं,
फार सोपं जुळतंय.
वेल रात्री बादलीत ओकत नाही.
वेलीची शलोमी दहावीला नसते.
आणि मी, पाच वाजले की कात्री पुसून घरी जातो,
आजवर एकाही वेलीपाशी
वस्तीला राहिलो नाही.

त्या रात्री दोनला सुवार्ता उठली.
मी बादली धरली, शलोमीनं कपाळ.
दिवा लावायला गेलो तर म्हणाली, “नको.”
अंधारात आम्ही तिघं फरशीवर,
पंख्याचा आवाज, फिनेलचा वास.
बापानं माझं नाव शद्रख ठेवलं,
भट्टीत टाकलेल्या तिघांतला एक.
लहानपणी वाटायचं, देवानं आग विझवली असेल.
नव्हती विझवली.
जळत्यात चौथा येऊन चालत होता, एवढंच.

मला कुणी दिसलं नाही. खोटं कशाला सांगू.
पण सुवार्तानं पाय जवळ ओढले,
जागा करून देतात तसे,
आणि तिथंच झोपली, फरशीवर, सकाळपर्यंत.

औषधाचे पैसे अजून पुरे नाहीत.
इक्बाल रिक्षावाला परतीचं भाडं घेत नाही,
म्हणतो, त्याच रस्त्यानं जायचंय.
रोज कसं काय त्याच रस्त्यानं?
मी विचारायचं सोडलंय.

दहाव्या दिवशी बागेत डोळे कापसले.
घरी येऊन सांगितलं.
ती डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाली,
“आणि ते पाणी? थांबलं?”
थांबलं, म्हणालो.
“कधी?”
ते मला ठाऊक नव्हतं.
मी तिथं नव्हतो.
कुणीतरी असणार.